चौदा दिवसांचा तालुका

शिरोळ तालुक्यात कायदा साखरेच्या रिकाम्या पिशवीत ठेवतात.

निदान मी ज्या घरात बसलो होतो तिथं तरी. सप्टेंबरमधली दुपार, पावसानं जराशी उघडीप दिलेली. जयसिंगपूरहून नांदणीकडं जाताना रस्त्याच्या कडेला हे घर. पुढं पडवी, बाजूला गोठा आणि मागं डोक्याच्या वर गेलेला आडसाली ऊस. घरातल्या अण्णांनी ट्रंकेतून एक पिशवी काढली. वय ऐंशीच्या अलीकडं, आणि नाव छापायचं नाही ही पहिल्याच चहाला घातलेली अट. दिवाळीला कारखाना सभासदांना सवलतीत साखर देतो, तिची ही पिशवी. आत रबर लावलेले काटापावत्यांचे गठ्ठे, हंगामागणिक एक. सगळ्यात वर चौघडी घातलेला झेरॉक्सचा कागद, घडीवर फाटलेला आणि मागून चिकटपट्टीनं सांधलेला. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ मधलं तिसरं कलम कुणीतरी मराठीत टाइप करून वाटलं होतं, त्याची ही प्रत.

मी वाचायला लागलो. दुसऱ्या ओळीला अण्णा माझ्या पुढं गेले. तोंडपाठ होतं.

संपादकांनी यंदा सांगितलं होतं : देशात कायदे होतात, त्याबद्दल एखाद्या लोकप्रतिनिधीचं म्हणणं काय आहे आणि त्याच्या गावात त्या कायद्यांचं काय होतं, ते बघून या. जिल्हा कोल्हापूर ठरला तेव्हा राजू शेट्टी हे नाव आपसूक पुढं आलं. २००४ ला शिरोळचे आमदार, २००९ आणि २०१४ ला हातकणंगल्याचे खासदार, २०१९ आणि २०२४ ला पराभूत. म्हणजे आज ते कुठल्याच सभागृहात नाहीत. तरीही इथं कायद्याचा विषय निघाला की 'शेट्टीसाहेब काय म्हणतात' हा प्रश्न तिसऱ्या वाक्याला येतोच, मग विचारणारा त्यांच्या बाजूचा असो की त्यांच्या नावानं कपाळाला हात लावणारा.

त्यांची मुलाखत घ्यायची नाही असं मी ठरवूनच निघालो होतो. त्यांची मतं वीस-बावीस वर्षं मैदानात, कर्ण्यावर, सगळ्यांसमोर सांगून झालेली आहेत. मला ऐकणाऱ्यांच्या घरात जायचं होतं.

अठरा महिने आणि चौदा दिवस

कलम साधं आहे. शेतकऱ्यानं ऊस पोचवल्यापासून चौदा दिवसांच्या आत कारखान्यानं त्याची किंमत द्यायची. नाही दिली तर पुढच्या काळासाठी वर्षाला १५ टक्के व्याज. तरीही थकवली तर साखर आयुक्तांनी दाखला काढायचा आणि जिल्हाधिकाऱ्यांनी जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करायची. हा आदेश जीवनावश्यक वस्तू कायदा, १९५५ च्या पोटातून आलेला. तेव्हा शेट्टी जन्मलेही नव्हते; त्यांचा जन्म १९६७ चा.

चौदाच दिवस का, हे समजायला उसाचा स्वभाव माहीत पाहिजे. सोयाबीन पोत्यात भरून ठेवता येतं, भाव आला की काढता येतं. ऊस तोडला की त्या घटकेपासून वाळायला लागतो, वजन उतरतं, साखर उतरते. फडात कोयता पडल्यावर शेतकऱ्याच्या हातात सौदा करण्यासारखं काही उरत नाही. टोळी कारखान्याची, वाहन कारखान्याच्या करारातलं, काटा कारखान्याचा, उतारा काढणारी प्रयोगशाळाही कारखान्याची. शेतकऱ्याच्या हातात येते फक्त पावती. ती पावती म्हणजेच त्याचं पीक. आडसाली लागण सोळा-अठरा महिने रानात असते. एवढं थांबलेल्या माणसाला आणखी चौदा दिवस म्हणजे काय, असं शहरातल्याला वाटेल. पण सगळी देणी त्या पुढच्या दिवसांवरच टेकलेली असतात. विकास सोसायटीचं पीककर्ज मुदतीत फिटलं तर व्याजाची सवलत, नाहीतर पुरतं व्याज. बिल आलं की आधी सोसायटीची कपात, मग खताच्या दुकानदाराची उधारी, मग ट्रॅक्टरवाल्याचं नांगरटीचं, आणि मग घर. बिल महिनाभर मागं गेलं की ही सगळी रांग महिनाभर मागं सरकते, आणि खोडव्याला खत घालायची वेळ मात्र सरकत नाही.

त्याच कलमात एक पळवाट आहे, आणि अण्णांच्या कागदावर नेमकी तीच ओळ लाल पेनानं अधोरेखित केलेली. दोघांमध्ये लेखी करार वेगळा असेल तर चौदा दिवसांचं बंधन सुटतं. काही कारखान्यांनी काय केलं, तर ऊस नोंदीच्या अर्जातच खाली बारीक अक्षरात, हप्त्याहप्त्यानं बिल घ्यायला माझी संमती आहे, असं छापून टाकलं. नोंद केली नाही तर तोड येत नाही, म्हणून सही सगळेच करत आले. 'आम्ही अंगठा नोंदीवर दिला, त्यांनी तो हप्त्यावर धरला,' असं शेजारून आलेला एक जण म्हणाला. शेट्टींच्या सभांनी इथं जे केलं ते बहुधा हेच : बारीक अक्षर मोठ्यानं वाचलं. जयसिंगपूरच्या विक्रमसिंह मैदानावर दरवर्षी हंगामाच्या तोंडावर ऊस परिषद भरते. कलमाचा नंबर आणि उताऱ्याचा हिशेब ऐकायला लोक ट्रॅक्टर-ट्रॉल्या भरून तिथं येतात. सभा म्हटली की भाषणं, आरोळ्या, फेटे आलेच. पण एवढ्या गर्दीला त्रैराशिक सोडवायला लावणारी दुसरी सभा मी महाराष्ट्रात पाहिलेली नाही.

त्रैराशिक

ते त्रैराशिक वाचकांनीही एकदा करून बघावं. किचकट नाही.

केंद्र सरकार दरवर्षी एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, जाहीर करतं. ही पद्धत २००९ पासूनची. त्याआधी किमान वैधानिक दर होता आणि त्याच्या जोडीला हंगाम संपल्यावर कारखान्याच्या नफ्यातला वाटा शेतकऱ्याला देण्याचं एक कलम होतं. २००९ च्या दुरुस्तीत ते कलम गेलं. 'रास्त' शब्द आला आणि वाटा गेला, असं इथले जुने कार्यकर्ते सांगतात. शेट्टी त्याच वर्षी पहिल्यांदा लोकसभेत गेले होते.

२०२४-२५ च्या हंगामाला एफआरपी होती क्विंटलला ३४० रुपये, १०.२५ टक्के उताऱ्याला. उतारा म्हणजे शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली ते. त्याच्या वर प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ३२ पैसे जास्त. कोल्हापूरची जमीन, पाणी आणि थंडी अशी की इथला उतारा देशात वरच्या रांगेत. बारा टक्के म्हणजे इथं अप्रूप नाही. समजा एखाद्या कारखान्याचा १२.२५ टक्के आहे. म्हणजे पायाच्या वर दोन टक्के, वीस टप्पे, ६६ रुपये ४० पैसे. क्विंटलला ४०६ रुपये ४० पैसे, टनाला ४,०६४. त्यातून तोडणी-वाहतूक वजा.

आता गंमत बघा. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य सरकारनं शासन निर्णय काढला : पहिला हप्ता विभागासाठी ठरवलेल्या पायाभूत उताऱ्यावर द्या, आणि वरचा फरक हंगाम संपून अंतिम उतारा निघाल्यावर द्या. कागदावर फार वाईट दिसत नाही. पण वरच्या हिशेबात पाया १०.२५ चा धरला तर पहिल्या हप्त्याला टनामागं ६६४ रुपये मागं राहतात. एकरी पन्नास टन ऊस निघाला तर एकराला ३३,२०० रुपये. डिसेंबरात ऊस गेलेल्या माणसाला ते उन्हाळ्यात मिळणार, आणि तोवर ते बिनव्याजी कारखान्याकडं. जिथं उतारा कमी तिथं फरक थोडा. जिथं ऊस चांगला, तिथं तोटा जास्त. म्हणजे चांगलं पिकवल्याबद्दल कोल्हापूरनं जास्त थांबायचं.

शेट्टी या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयात गेले. केंद्राच्या आदेशानं ठरलेली मुदत राज्य सरकार आपल्या निर्णयानं लांबवू शकत नाही, हा मुद्दा होता. १७ मार्च २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं तो शासन निर्णय रद्द केला. तीन वर्षं लागली. चौदा दिवसांसाठी तीन वर्षं, असं कुणी म्हणेलच, म्हणून मीच म्हणून टाकतो.

तेव्हा कोर्टाच्या कामाला रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस धरून मुंबई गाठावी लागायची. आता १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांसाठी. चाळीसेक वर्षांची मागणी होती. मी गेलो तेव्हा फाटकाबाहेरच्या चहाच्या गाड्यावर धोतरातले दोन म्हातारे बसले होते. काम काही नव्हतं. बेंच बघायला आले होते.

शुक्रवारची दुपार

अण्णांच्या पिशवीत आणखी एक कागद निघाला. वर्तमानपत्राचं कात्रण, ऑगस्ट २०१८ चं. शेट्टींनी लोकसभेत दोन खासगी विधेयकं मांडल्याची बातमी : एक शेतकऱ्यांना कर्जातून मुक्त करणारं, दुसरं उत्पादन खर्च अधिक पन्नास टक्के असा हमीभाव कायदेशीर हक्क म्हणून देणारं. त्यामागं मोठी घडामोड होती. जून २०१७ मध्ये मध्य प्रदेशात मंदसौरला शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, देशभरातल्या संघटना एका समितीत आल्या, नोव्हेंबरात दिल्लीच्या रस्त्यावर किसान मुक्ती संसद भरली आणि तिथं हे मसुदे पुढं आले. शेट्टींनी त्याच वर्षी सत्ताधारी आघाडी सोडली होती. सत्तेत असतानाही भूसंपादन कायद्यातल्या बदलांना त्यांचा विरोध होताच.

खासगी विधेयक ही संसदेतली मोठी केविलवाणी गोष्ट आहे. मंत्री नसलेल्या खासदारासाठी अधिवेशनात शुक्रवारची शेवटची अडीच तासांची वेळ राखून ठेवलेली असते. त्या वेळेला बरेच खासदार गावाकडं जायच्या गाडीत किंवा विमानात असतात. विधेयक मांडणं वेगळं, चर्चेला येणं वेगळं. त्यासाठी चिठ्ठीत नंबर लागावा लागतो. स्वातंत्र्यानंतर आजवर अशी अवघी चौदा विधेयकं कायदा झाली, आणि त्यातलं शेवटचं १९७० साली. शेट्टींचं पंधरावं होईल असं दिल्लीत कुणाला वाटलं नसणार, त्यांनाही नाही. मे २०१९ मध्ये सोळावी लोकसभा संपली, तिच्याबरोबर विधेयकंही संपली. त्याच निवडणुकीत धैर्यशील माने यांनी शेट्टींना हरवलं. विधेयक आणि खुर्ची एकाच महिन्यात गेली.

पुढं सप्टेंबर २०२० मध्ये तीन शेती कायदे झाले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये मागं घेतले गेले. शेट्टींनी त्यांना विरोध केला. पण शिरोळमध्ये मला या कायद्यांविषयी जे ऐकायला मिळालं ते दिल्लीच्या सीमेवरच्या भाषेपेक्षा निराळं होतं. बाजार समितीचं इथं फारसं कुणाला पडलेलं नव्हतं. ऊस कधीच समितीत जात नाही. चर्चा झाली ती करार शेतीच्या कायद्याची. कराराचा वाद प्रांताधिकाऱ्यांकडं न्यायचा, दिवाणी कोर्टात नाही, हे त्यातलं कलम. आणि ऊसवाल्याला करार शेती शिकवायची गरजच नव्हती. ऊस नोंद म्हणजे करारच. बियाणं कुठलं, को ८६०३२ की फुले २६५, लागण कुठल्या तारखेची, तोड कधी, सगळं त्या नोंदीवर ठरतं. पन्नास वर्षं करार शेती करणारा हा मुलूख आहे. करार मोडला तर काय होतं हेही त्याला माहीत होतं : दाखला निघतो, फाइल जिल्हाधिकारी कचेरीत जाते, आणि फाइलला ना चौदा दिवस लागू असतात ना १५ टक्के.

काट्याच्या दोन्ही अंगांना

दुसऱ्या दिवशी एका कारखान्यावर गेलो. बिगर हंगाम. गव्हाणीत चिमण्या, मिलचे रोलर काढून दुरुस्तीला ठेवलेले, वेल्डिंगच्या ठिणग्या, ओल्या बगॅसचा आंबूस वास. काट्याच्या खोलीला कुलूप. डिसेंबरात इथं रात्री दोन वाजताही गाड्यांची रांग असते, ट्रॅक्टरवर गाणी लावलेली असतात. आता प्लॅटफॉर्मवर एक कुत्रं झोपलं होतं. त्याचं वजन किती भरतं ते आत कुणाला दिसत नव्हतं. काटामारीची तक्रार इथं हंगामाइतकीच जुनी आहे. बाहेरच्या काट्यावर वजन करून आणलेली गाडी कारखान्यानं मुकाट घ्यावी, ही मागणी त्यातूनच आली.

तिथल्या एका जुन्या अधिकाऱ्यांनी मला दुसरी बाजू सांगितली आणि ती टाकून देण्यासारखी नाही. साखरेचा किमान विक्री दर केंद्रानं फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये केला. त्यानंतर तो तिथंच आहे. त्या वेळी एफआरपी होती क्विंटलला २७५ रुपये; २०२५-२६ साठी ती ३५५ आहे. साखर वर्षभर थोडी थोडी विकायची, तीही केंद्र ठरवेल त्या कोट्यानं, आणि ऊस मात्र चार-पाच महिन्यांत घेऊन चौदा दिवसांत पैसे मोजायचे. मधलं अंतर बँक भरून काढते. गोदामातली पोती तारण ठेवायची, उचल घ्यायची, त्यावर व्याज भरायचं. 'तुमच्या चौदा दिवसांचं व्याज आम्ही बारा महिने भरतो,' असं ते म्हणाले. इथेनॉलनं थोडा श्वास दिला, पण त्याचीही दोरी दिल्लीच्या हातात. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एका आदेशानं लगाम आला, तेव्हा ज्यांनी कर्ज काढून डिस्टिलरी उभी केली होती त्यांची तारांबळ उडाली.

आणि इथं कोल्हापूरचं खास असं काही आहे, जे बाहेरच्याला पटकन कळत नाही. या जिल्ह्यात कायदेमंडळात बसणारे आणि ऊस गाळणारे बहुतेकदा एकाच घरातले. वारणा म्हटलं की विनय कोरे, कुंभी-कासारी म्हटलं की चंद्रदीप नरके, हुपरीचा जवाहर म्हटलं की आवाडे, नरंदेचा शरद म्हटलं की शिरोळचे आमदार राजेंद्र पाटील यड्रावकर, सेनापती कापशीच्या बाजूचा संताजी घोरपडे कारखाना म्हटलं की हसन मुश्रीफ, आणि मुश्रीफ म्हटलं की जिल्हा बँकही. सतेज पाटील आणि महाडिक यांचे वाद छत्रपती राजाराम कारखान्याच्या निवडणुकीत विधानसभेपेक्षा चुरशीनं लढले जातात. यात बेकायदा काही नाही, आणि या घरांनी धरणं, शाळा, दूध संघ, दवाखाने उभे केले हेही खरं. पण ऊस दराचा कायदा विधानसभेत येतो तेव्हा देणेकरी आणि कायदेकरी एकाच बाकावर असतात. २०१३ च्या ऊस दर विनियमन कायद्यानं साखर आणि उपपदार्थांच्या उत्पन्नातले सत्तर टक्के शेतकऱ्याला, हे रंगराजन समितीचं सूत्र महाराष्ट्रानं घेतलं. पण हिशेब तपासायचा तो ऊस दर नियंत्रण मंडळानं, आणि त्या मंडळाची बैठक कधी होते हे विचारलं की लोक हसतात.

म्हणून शेट्टींचं राजकारण इथं वेगळं उठून दिसलं. त्यांच्याकडं कारखाना नव्हता. २००९ मध्ये 'एक नोट, एक व्होट' म्हणत लोकांनी मताबरोबर पैसेही दिले. उमेदवारानं पाकीट वाटायच्या काळात मतदारांनी डबा फिरवला, हे अजूनही अभिमानानं सांगतात. मग २०१९ ला तेच लोक कुठं गेले? सरळ उत्तर कुणी दिलं नाही. 'साहेब ऊसाला पाहिजेत, दिल्लीला दुसरं कोणबी चालतंय,' असं एक जण म्हणाला. मला वाटतं, हेच उत्तर असावं. कायदा करायला आपण ज्याला पाठवतो त्याच्यापेक्षा कायद्याची आठवण करून देणारा माणूस गावात असलेला बरा, असा काहीसा हिशेब. तो हिशेब मात्र स्वस्तात लागलेला नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये ऐन दिवाळीच्या तोंडावर शेजारच्या सांगली जिल्ह्यात वसगड्याला ऊस आंदोलनात पोलिसांची गोळी लागून एक शेतकरी गेला. २०२३ मध्ये मागच्या हंगामाच्या फरकासाठी ५२२ किलोमीटरची पदयात्रा, मग महामार्ग रोको. पदरात पडले टनामागं कुठं पन्नास, कुठं शंभर रुपये.

या सगळ्या हिशेबात एक माणूस कुठंच नाही. बीड-धाराशिवकडून येणारा, कोयता चालवणारा. त्याची उचल मुकादमाकडं, मजुरी टनावर. चौदा दिवसांचं कलम त्याच्यापर्यंत पोचत नाही; ते ऊस पुरवणाऱ्यासाठी आहे, तोडणाऱ्यासाठी नाही. पडवीत मी हा विषय काढला तेव्हा बोलणं थोडं थांबलं, आणि मग टोळ्या उचल घेऊन कशा पळून जातात, यावर गेलं. तेही खोटं नाही. पण विषय बदलला, हे मी टिपून ठेवलं.

नांदणीचा मोकळा खुंट

नांदणी तिथून हाकेच्या अंतरावर. भाजीपाल्यासाठी नावाजलेलं गाव. जिनसेन भट्टारक मठ हे इथलं जुनं जैन पीठ, सातशेच्या वर गावं त्याच्याशी बांधलेली. मठात हत्ती ठेवायची रीत शेकडो वर्षांची, आणि महादेवी ऊर्फ माधुरी १९९२ पासूनची. या भागातल्या दोन पिढ्यांनी हत्ती म्हणून पाहिला तो हाच.

जुलै २०२५ मध्ये ती गेली. पेटा या संस्थेच्या तक्रारी, उच्चाधिकार समितीची पाहणी, पायांची आणि सांध्यांची दुखणी, मग १६ जुलैचा उच्च न्यायालयाचा आदेश, २८ जुलैला सर्वोच्च न्यायालयानं फेटाळलेली याचिका, आणि त्याच रात्री जामनगरच्या वनताराकडं निघालेली गाडी. गाव रडलं. दगडफेकही झाली. वनतारा अंबानींचं, म्हणून लोकांनी जिओची सिमकार्डं बदलून घेतली; हा निषेध मला नवीन होता. ३ ऑगस्टला शेट्टींच्या पुढाकारानं नांदणी ते कोल्हापूर मूक पदयात्रा निघाली, चाळीसहून अधिक किलोमीटर. सतेज पाटलांनी सह्यांची मोहीम काढली. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे पुढारी एका हत्तिणीसाठी एकाच ओळीत आले. ५ ऑगस्टला मुख्यमंत्र्यांनी बैठक घेतली, पाठोपाठ वनतारानंही माघारीच्या प्रक्रियेत साथ देण्याची आणि नांदणी परिसरात पुनर्वसन केंद्र उभारण्याची तयारी दाखवली.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली : मालकीचा दाखला असलेल्याला पाळीव हत्ती 'धार्मिक किंवा अन्य' कारणासाठी नेता-आणता येईल. म्हणजे संसदेनं धार्मिक कारणाला दार उघडं ठेवलं. आणि न्यायालयानं म्हटलं, हत्तिणीचा चांगल्या आयुष्याचा हक्क माणसाच्या धार्मिक वापराच्या हक्काच्या वर. गावाला पहिली ओळ माहीत होती, दुसरी अंगावर आली.

मठाच्या आवारात तिची जागा अजून तशीच होती. वरून पत्रा, खाली झिजलेली फरशी. एक बाई शेजारच्या मुलाला सांगत होत्या, इथं केळी द्यायचो आपण, आठवतंय का रे. मुलगा म्हणाला, आठवतंय. मी तिथं उभा राहून फरशीकडं बघत होतो. तीस वर्षं याच फरशीवर. माझ्या मनात आलं ते बाईंना बोलायची हिंमत झाली नाही.

परतीच्या वाटेवर मी अण्णांना डिवचलं. उसाला कायद्याचा शब्दन्‌शब्द पाहिजे आणि हत्तीला मात्र कोर्टाचा आदेश नको, हे कसं? ते रागावले नाहीत. बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं पडवीतली माती उकरत राहिले.

'उसाचा कायदा आमच्याकडं बघून केल्याला हाय,' ते म्हणाले. 'तोडल्यावर वाळतोय, हे करणाऱ्याला ठावं होतं. हत्तीच्या कायद्यात आमी कुटं हाय ते दावा.'

यावर वाद घालता येतो. कायद्यात हत्तीण होती, आणि तीच असायला हवी होती, असं माझं मत आहे. पण ते मी पुण्यात बसून सहज म्हणू शकतो. या पडवीत बसून म्हणताना जड गेलं, म्हणून इथं लिहितो आहे.

शक्तिपीठ महामार्गाचंही असंच. नागपूर ते गोवा, आठशे किलोमीटरच्या वर, बारा जिल्ह्यांतून. १ जुलै २०२५ ला, कृषी दिनी, शिरोलीजवळ पंचगंगेच्या पुलावर शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर महामार्ग अडवला. शेट्टी आणि सतेज पाटील दोघंही होते. केंद्राचा २०१३ चा भूसंपादन कायदा आधी गावावरचा परिणाम मोजायला सांगतो. रस्त्यासाठी मात्र राज्याचा १९५५ चा महामार्ग कायदा हाताशी धरला जातो. इथल्या लोकांना भरावाची भीती जास्त आहे. २०१९ चा महापूर ज्यांनी माळ्यावर बसून काढला त्यांना उंच रस्ता म्हणजे आडवा बांध दिसतो. यावर पडवीत जास्त बोलणं झालं नाही. नकाशा कुणाकडंच नव्हता.

पावतीच्या पाठीवर

निघताना अण्णांनी मागच्या हंगामाचा गठ्ठा सोडला. एक पावती काढून माझ्यापुढं धरली. बिल ३८,५०० रुपये, चौदा दिवस उलटून वर तेवीस दिवसांनी खात्यावर आलेलं. 'तुमच्या मोबाइलवर हिशेब होतोय न्हवं? करा १५ टक्क्यानं.'

मी केला. तीनशे त्रेसष्ट रुपये नव्वद पैसे.

त्यांनी नातवाकडून पेन मागून घेतलं, पावती उलटी केली आणि मागं लिहिलं : ३६४. मग म्हणाले, पैसे कापा, दहा पैशाचं कोण भांडत बसतंय, आणि खोडून ३६३ केलं. खाली तारीख घातली. रबर लावला. गठ्ठा पिशवीत, वर कलमाचा कागद, कागदावर कात्रण, आणि पिशवीचं तोंड सुतळीनं बांधून ट्रंक सरकवून ठेवली. बाहेर पाऊस पुन्हा लागला होता. मागच्या रानातून कुणीतरी हाक मारली, बांधावरनं पाणी आत यायला लागलंय म्हणून, आणि अण्णा खोरं घेऊन उठले.